फेनाच्या शिफारशीचं पत्र

ओस्टरहुम, ९ नोव्हेंबर

रूली,

अकरा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू देत. आईच्या थडग्यावरचा दगड कलला आहे. सरळ करायचा की काढून टाकायचा, असं दफनभूमीवाल्यांनी विचारलंय. दोघी बहिणींची संमती लागते, म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

आता कागद घेतलाच आहे तर इकडचं कळवते. दुकान चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तुझ्या देशातल्या टोपल्या, पेरूची कॉफी, बांगलादेशची पायपुसणी, सगळं तसंच. मी बासष्टची झाले, गुडघे कुरकुरतात, पण या तीस वर्षांत दुकान मी एकदाही वेळेआधी बंद केलेलं नाही. जगातल्या गरिबांसाठी कुणी इतकी वर्षं उभं राहिलं तर त्याचं कौतुक करावं, असं या गावात कुणाला वाटलं नाही. मलाही हौस नाही. पण निदान ख्रिसमसला एक कुंडी द्यायला काय जात होतं?

हे आठवायचं कारण म्हणजे फेना. शनिवारी मदतीला येते. सोळा वर्षांची आहे, सायकलवाल्या हार्मच्या शेजारची. प्रांतातर्फे दर वर्षी एक सन्मान देतात, जगातल्या गरिबीविरुद्ध काम उभं करणाऱ्या शाळकरी पोरांना. शाळेने तिचं नाव पाठवलंय. पदक, सभागृहात टाळ्या, पेपरात फोटो. वर जिथे काम केलं तिथे जाऊन यायचा खर्च, सोबत एका मोठ्या माणसाचाही. सोळाव्या वर्षी! आपण सोळाव्या वर्षी लोकांच्या शेतातले बटाटे वेचत होतो.

आणि तिचं काम काय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, हो ना? परवा तिच्या पिशवीतून एक पाकीट काउंटरवर पडलं. झांबियाचं तिकीट, तुझं अक्षर. जाडजूड पाकीट. मला अकरा वर्षांत एक ओळ नाही आणि या पोरीला पानंच्या पानं. मी ते उचललं, तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "सांभाळून ठेव." ती म्हणाली, "थँक्यू, यांतिनामावशी," आणि लाल झाली. मी टोपल्या पुसायला घेतल्या.

खरी गंमत पुढेच आहे. अर्जाबरोबर एक शिफारशीचं पत्र लागतं. घरच्यांचं नाही, शाळेचंही नाही. ज्याने याच कामात आयुष्य घालवलंय अशा गावातल्या माणसाचं. असं माणूस गावात एकच. तिच्या बाई फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या, दोन कप कॉफी प्यायल्या आणि "तुमच्या शब्दाला वजन आहे" म्हणाल्या. मुदत एक डिसेंबरची आहे. फॉर्म मी लोण्याच्या डब्याखाली ठेवलाय.

दगडाचं कळव.

यांतिना


२६ नोव्हेंबर

रूली,

फेनाचा अर्ज वाचला. वाचल्याशिवाय शिफारस कशी करणार, म्हणून वाचला. मग दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तुला ठाऊक आहे, तरी मी माझ्या हाताने लिहिते. त्या वर्षी मी गावोगाव फिरून नव्वद शिलाईमशिनं जमवली होती. काळी, लोखंडी, आजीच्या वेळची, पण सगळ्यांना मागाहून विजेची मोटर बसवलेली. तू म्हणालीस, "आधी तिथल्या बायकांना विचार तरी." मी म्हटलं, "गरिबाला काय विचारायचं, त्याला सगळंच हवं असतं." कंटेनर गेला. झांबियातल्या चिसांगा गावात वीज नव्हती. तू बघायला म्हणून गेलीस ती तिथलीच झालीस. तिथून फोटो पाठवलास, मशिनच्या लाकडी पेटीत कोंबडी अंड्यांवर बसलीय. तोवर मी दुकानात फळा लावला होता: "ओस्टरहुमच्या नव्वद मशिनांवर चिसांगाचे नव्वद संसार चालतात." तू लिहिलंस, फळा उतरव. मी उतरवला नाही. मग तू लिहिलंस, "खरं बोलायची तयारी झाली की पत्र टाक." मी टाकलं नाही. एवढंच आपलं भांडण.

तर अर्जात काय आहे? फळा वाचून फेनाला शाळेच्या प्रकल्पासाठी लिहावंसं वाटलं. नव्वद बायका काय शिवतात, एवढंच तिने चिसांगाला विचारलं. तू तिला खरं ते कळवलंस. त्यावर या पोरीने एक ओळीचं पत्र लिहिलं: "मग आता काय पाठवू?" आणि मुलेंगा नावाच्या बाईने सांगितलं की मोटर काढून टाकली तर चाक हाताने फिरतं, ती तीन वर्षं तसंच फिरवून उशांचे अभ्रे शिवतेय, पण हात दुखतो; चाकाला दांडा असता तर शाळेचे गणवेश शिवायला घेतले असते.

दांडा, रूली.

दांडे हार्म करून देतो, असं अर्जात होतं. मी तशीच उठून त्याच्या शेडमध्ये गेले. भिंतीला सायकलचे पेडल टांगलेले, खाली दांड्यांनी भरलेला मोठा खोका. त्याने चष्मा कपाळावर ढकलला.

"आलीस एकदाची. दोन वर्षं झाली, म्हटलं यांतिनाला कुणी सांगितलं की नाही?"

"किती वेळ लागतो एका मशिनला?"

"मोटर काढायची, त्याच जागी हा दांडा बसवायचा. चार बोल्ट. मी म्हातारा, मला वीस मिनिटं लागतात. पोरीला पंधरा. तिकडे ती मुलेंगा आहे, ती म्हणे दहात करते."

"चार बोल्ट?"

"चार. हवं तर मोज."

मी मोजले. चारच होते. अकरा वर्षं मला जे सुचलं नाही ते चार बोल्टांत बसत होतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

नव्वदांतली बासष्ट मशिनं आता चालतात. बाकीची गंजून गेली. म्हणजे या पोरीने माझा खोटा फळा जवळजवळ खरा केलाय. खरं तर मला बरं वाटायला हवं, नाही का? माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. माझी चूक घेऊन तिने पदक घडवलं, आणि मला सांगतात तूच त्याची शिफारस कर.

आणखी एक. अर्जात माझं नाव नाही. "आमच्या भागातून गेलेली, तिथे निरुपयोगी ठरलेली मशिनं," एवढंच आहे. म्हणजे तिला दोन वर्षं सगळं माहीत आहे. त्या फळ्याखाली उभी राहून ती दर शनिवारी कॉफी विकते आणि तोंडातून ब्र काढत नाही. कशासाठी राखून ठेवलंय तिने? स्टेजवर उभं राहून सांगण्यासाठी, दुसरं काय. चोराच्या मनात चांदणं म्हणशील. म्हण.

काल तिने विचारलं, "मावशी, पत्र झालं का?"

मी म्हटलं, "पाठवलंसुद्धा."

यांतिना


४ डिसेंबर

रूली,

तुझं उत्तर नाही. अर्थात माझी आधीची दोन पत्रं अजून ड्रॉवरमध्येच आहेत, त्यामुळे तुला दोष देता येत नाही. आणि आईचा दगड अगदी सरळ आहे. मला सुरुवात सापडत नव्हती.

काल दुपारी दुकानात सिंटची, भेटी वाटणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या संताची, पार्टी झाली. आम्ही अकराजणं. गेल्या महिन्यात टोपीतून चिठ्ठ्या काढल्या तेव्हा माझ्या हाती नेमकी फेनाची आली होती. ज्याची चिठ्ठी आली त्याच्यासाठी भेट आणायची, सिंटच्या नावाने चेष्टेची कविता रचायची, आणि ती ज्याची त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. कुणी लिहिली हे कुणी विचारत नाही. लहानपणी तू माझ्या पायांच्या मापावर लिहिली होतीस, आठवतं? मी रडले होते आणि तरी शेवटी "धन्यवाद, सिंट" म्हणावं लागलं होतं.

मी लिहिलेली उतरवून देते. लाज वाटते, पण देते.

*फेना आमुची गुणाची, पोर मोठ्या नशिबाची,*
*घाई झाली आहे हिला पेपरातल्या फोटोची.*
*दळण दळले कोणी, पीठ चाळले कोणी,*
*रेघोट्या ओढून वरती फेना झाली राणी.*
*गंज घासला हार्मने, मशिनं दिली दुसऱ्याने,*
*टाळ्या मात्र घेतल्या हो एकट्या या पोरीने.*

आणखी चार ओळी होत्या. त्या याहून वाईट होत्या.

ती उभी राहून वाचायला लागली. पहिल्या दोन ओळींना सगळे हसले. 'फेना झाली राणी' आलं तेव्हा हार्म हसायचा थांबला. ती वाचत राहिली, एक ओळ गाळली नाही, आवाज कापला तेव्हा घोटभर दूध प्यायली आणि पुढे वाचलं. मग कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "धन्यवाद, सिंट." नंतर सगळ्यांचे कप तिनेच धुतले.

हार्म निघताना माझ्याशेजारी कोट घालत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिंटला यंदा वय झाल्यासारखं वाटतंय. पोराटोरांवर जळायला लागलाय."

मी म्हटलं, "कोट उलटा घातलायस."

तो उलटा नव्हता.

मुदत गुरुवारीच संपली. फॉर्म अजून डब्याखालीच आहे. लिहायला बसले नाही असं नाही. तीनदा बसले. "फेना ही कष्टाळू मुलगी आहे" इथपर्यंत येते, पुढचं वाक्य "तिने ती मशिनं सुरू केली" असं हवं, आणि मग ती बंद का होती ते आलंच. शिवाय खरं सांगू? लिहिता येत असतं तरी दिलं नसतं. तिला ते मिळू नये असं मला वाटत होतं. चिसांगाला जावं मी. तुझ्या दारात उभं राहावं मी. तीस वर्षं मी काढली आहेत.

यांतिना


१५ डिसेंबर

रूली,

सोमवारी यादी लागली. फेनाचं नाव नाही. "अर्ज अपूर्ण."

मंगळवारी ती घरी आली. मला वाटलं होतं भांडेल, आणि त्याची मी तयारी ठेवली होती, चांगली चार वाक्यं जुळवून. ती खुर्चीच्या कडेवर बसली. डोळे सुजलेले होते. मी कॉफी दिली, बिस्किटाचा डबा पुढे केला. तिने एक घेतलं आणि ते हातातच धरून बसली.

"मावशी, तुमचं पत्र पोचलंच नाही त्यांना. टपालात हरवलं. मी टपालवाल्यांकडे तक्रार करणार आहे. तुम्ही कोणत्या दिवशी टाकलं होतं ते सांगता?"

बघ तिचा भोळेपणा. कवितेत इतकं झोडपलं, तरी या पोरीच्या डोक्यात आलं नाही की मी पत्र टाकलंच नसेल. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "चोवीस तारखेला." तिने वहीत लिहून घेतलं.

मी विचारलं, "पदकाचं एवढं वाईट वाटतंय?"

"पदकाचं नाही. मला मुलेंगाकाकींना भेटायचं होतं. त्यांनी माझ्यासाठी अॅप्रन शिवलाय, माप पत्रातून मागवून. आणि रूलीमावशींनाही भेटायचं होतं." मग म्हणाली, "कविता तुमची होती ना?"

"ते विचारायचं नसतं."

"माहीत आहे. पण त्यात एक चूक होती, म्हणून सांगते. मशिनं कुणी दिली ते मी विसरले नव्हते. मी अर्जात तुमचं नाव घातलं होतं. 'यांतिनामावशींनी जमवली नसती तर दांडा बसवायला काही नसतंच,' असं लिहिलं होतं. रूलीमावशींनी काढायला सांगितलं. म्हणाल्या, तिथे तिचं नाव आलं की बाकीचंही येणार, आणि ते तिचं तिने सांगायचं, तू नाही. मग मी ते पूर्ण पान परत लिहिलं."

ती गेली. बिस्कीट बशीत तसंच ठेवून गेली.

अकरा वर्षं मला वाटत होतं की तू तिकडे बसून माझी नालस्ती करतेयस. तू मला झाकत होतीस. आणि मी एका पोरीचा प्रवास लोण्याखाली दाबून बसले होते. मला स्वतःची किळस आली. असं कधी लिहिलं नव्हतं कुणाला, तुला लिहिते.

मी प्रांताच्या कार्यालयात फोन लावला. एक तरुण आवाजाची बाई होती.

"फेनाचा अर्ज अपूर्ण राहिला तो माझ्यामुळे. शिफारस मी द्यायची होती. दिली नाही. तिला दिली म्हणून सांगितलं."

"आजारी होता का तुम्ही?"

"नाही."

"मग उशिराचं कारण काय लिहू? इथे रकाना आहे, भरावा लागतो."

"हेवा."

"काय म्हणालात?"

"हेवा लिहा. मला तिचा हेवा वाटला."

तिने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "बाई, यादीत तो पर्याय नाही. 'इतर' लिहिते." आणि मग हळू आवाजात, "शुक्रवारपर्यंत पत्र आणून दिलंत तर समितीपुढे ठेवते. मुलीची चूक नाही, एवढं मी सांगू शकते."

मग फेनाच्या घरी गेले आणि दारातच उभं राहून तिला सांगितलं, की टपालवाल्यांकडे तक्रार करू नकोस, मी टाकलंच नव्हतं. तिने दार लावलं. आपटलं नाही, लावलं. मी अपेक्षाही दुसरी केली नव्हती.

आत्ता शिफारसपत्र लिहून झालं. एक पान भरलं. पहिलंच वाक्य असं आहे: "अकरा वर्षांपूर्वी मी कुणालाही न विचारता वीज नसलेल्या गावाला विजेची नव्वद मशिनं पाठवली आणि ती चालतात असं या गावाला खोटं सांगितलं." त्यानंतर फेनाबद्दल लिहिणं सोपं गेलं. उद्या गाडीने जाऊन स्वतःच्या हाताने देणार.

यांतिना


२२ फेब्रुवारी

रूली,

तिला मिळालं. गेल्या महिन्यात समारंभ झाला, हे तुला तिने कळवलं असणारच. पण मी कळवते ते तिने कळवलं नसेल.

अध्यक्षबाईंनी माझं पत्र स्टेजवरून वाचलं. सगळं, पहिल्या वाक्यापासून. आपल्या गावची बस भरून माणसं आली होती, त्यांत मशिनं देणाऱ्या नऊ बायका होत्या. माझे कान इतके तापले की मी टोपी काढून हातात घेतली. नंतर कॉफीच्या रांगेत दिंत्ये माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "माझ्या आईचं मशीन होतं त्यात. ती जायच्या आधी मी तिला सांगितलं होतं की तुझ्या मशिनवर आता एका बाईचं घर चालतंय. तुझ्या भरवशावर सांगितलं होतं, यांतिना." मी म्हटलं, "हो." ती आता दुकानात येत नाही. आणखी तिघी येत नाहीत. फळा मी उतरवला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय, आणि गिऱ्हाईक आलं की आधी तिकडेच बघतं.

फेनाने भाषण केलं, दोन मिनिटांचं, आणि त्यातलं दीड मिनिट मुलेंगाबद्दल होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. छातीत कळ आली ती टाळ्यांनी गेली नाही. मला वाटलं होतं की एकदा खरं बोलून टाकलं की मन निवळेल आणि मी त्या पोरीकडे आजीच्या मायेने बघायला लागेन. तसं काही झालं नाही. ती पायऱ्या उतरत होती, गळ्यात पदक, आणि मी मनात म्हणत होते, काय उभी राहिलीय बघा. आमच्याकडे कुणी असं बघितलं नाही कधी.

मग सोबतीला मोठं माणूस कोण, हा प्रश्न निघाला. तिच्या आईला रजा नाही. मी माझा पासपोर्ट शोधून ठेवला. नवा फोटोही काढून आणला, उगीच. तिने हार्मला विचारलं. बरोबरच केलं. हार्मने आजवर जर्मनीपलीकडे पाऊल ठेवलेलं नाही, तो आता गावभर उन्हाच्या टोप्या घालून बघत फिरतोय. मला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, "वाटून घेतेच आहे, तू तुझं सामान भर."

काल फेना दुकानात आली. दोन महिने आली नव्हती. काउंटरच्या पलीकडेच उभी राहिली, गिऱ्हाइकासारखी.

"रूलीमावशींना काही द्यायचंय का?"

मी ड्रॉवर उघडला. चारही पत्रं काढली. तिला म्हटलं, "यांत तुझ्याबद्दल वाईटसाईट आहे. पाकिटं उघडीच आहेत. वाचायचं तर वाच, नाहीतर तशीच दे."

ती म्हणाली, "मी तुम्हाला अजून माफ नाही केलेलं."

"मी मागितलेलीही नाही."

"मागा ना मग," ती म्हणाली.

सोळा वर्षांची पोर, रूली. मी बासष्ट वर्षांत आईची मागितली नाही, तुझी मागितली नाही. त्या काउंटरला धरून मी तिची मागितली. ती म्हणाली, "बघते," आणि पत्रं पिशवीत घातली. हे पाचवं उद्या तिच्या घरी नेऊन देईन.

रविवारी ती दोघं तुझ्या दारात असतील. पोर वाटेत धड खात नाही, तिला आधी जेवायला घाल आणि मग वाचत बस. तुझ्याकडे काय मागायचं ते या पाच पत्रांत कुठेतरी आलं असेल, नसेल तर इथे लिहिते: माफ कर. आणि जमलं तर मलाही लिही, तिला लिहितेस त्याच्या अर्धं चालेल. ती तुझ्या टेबलाशी बसेल तेव्हा ती खुर्ची माझी होती असं मला वाटत राहणार आहे. ते काही जाणार नाही. मात्र या वेळी ते मी तिच्याच हाती तुला लिहून पाठवते आहे.

यांतिना